नाजूक पोटाच्या कुत्रीला घरचं जेवण : पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आमची तारा जर्मन शेफर्ड आहे. वजन 28 किलो, नसबंदी झालेली. तिचा त्रास ठरलेला होता: दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी शी, शेवटी आव, कधी ताज्या रक्ताचा ठिपका, आणि बाहेर नेलं की कुंथत बसणं. भूक मात्र छान, वजनही टिकून. डॉक्टर म्हणाले, ही लक्षणं मोठ्या आतड्याची आहेत. लहान आतडं बिघडलं की प्रत्येक वेळी भरपूर शी होते आणि वजन उतरतं. ज्यांच्या कुत्र्याचं पोट वारंवार बिघडतं त्यांनी हे नीट पाहून, शक्य तर फोटो काढून डॉक्टरांना सांगावं. निदानाला खूप मदत होते.

पातेलं चढवण्याआधी तपासण्या करा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. आम्ही शीमध्ये जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) पाहिले, रक्तात गोचीड ताप पाहिला आणि शेफर्ड म्हणून टीएलआय ही स्वादुपिंडाची तपासणीही केली. स्वादुपिंडातून पाचकरस कमी पडण्याचा आजार या जातीत जास्त आढळतो. तो असला तर नुसतं अन्न बदलून भागत नाही, जेवणात एन्झाइम मिसळावीच लागतात. ताराचे सगळे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा अन्नाकडे वळलो.

आपल्याकडे कुत्र्याचं पोट बिघडलं की जो तो उकडलेलं चिकन आणि गिचका भात सुचवतो. दोन-चार दिवसांसाठी ते ठीकच आहे. पण तेच महिनोन्‌महिने चालवणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत, आणि मला खरी काळजी तिथे वाटते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच. शिवाय जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं कमी पडतात. कुत्रं वरून तुकतुकीत दिसतं आणि शरीर हाडांतलं कॅल्शियम खर्च करत असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या, त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता. त्यात पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या.

ताराने आजवर खाल्लेल्या जवळपास प्रत्येक पाकिटात चिकन होतं. तेच तिला सोसत नसेल, अशी शंका आली. म्हणून डॉक्टरांनी तिने कधीच न खाल्लेला प्रथिनांचा स्रोत निवडायला सांगितलं. अशी चाचणी साधारण आठ आठवडे चालते, पण पोटाच्या तक्रारी असतील तर फरक बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच दिसतो. आम्ही बासा मासा घेतला. पुण्यात फ्रोझन, बिनकाट्याचा सहज मिळतो आणि त्यात चरबी कमी असते. जुन्या खाण्यात थोडा थोडा मिसळत आठवड्याभरात पूर्ण बदल केला.

तिचं दिवसाचं प्रमाण असं आहे: 500 ग्रॅम बासा, 170 ग्रॅम तांदूळ (दोन्हींचं वजन कच्चं असताना), 150 ग्रॅम लाल भोपळा आणि दोन मोठे चमचे करडईचं तेल. हे साधारण 1,300 किलोकॅलरी होतं. करडईच का, तर त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. कुत्र्याच्या शरीराला ते स्वतः तयार करता येत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलांची पूड. टरफलं उकळायची, खडखडीत वाळवायची आणि मिक्सरमधून पिठासारखी काढायची. कणी राहता कामा नये. एका लहान चमच्यात सुमारे 2,000 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ताराला अर्ध्या चमच्याहून थोडी जास्त लागते. या पुडीतून फक्त कॅल्शियम मिळतं. बाकी जीवनसत्त्वं आणि खनिजांची पावडर डॉक्टरांनी लिहून दिली, तीही चिकन किंवा लिव्हरचा स्वाद नसलेली. हे आकडे ताराचे आहेत, कृपया जसेच्या तसे उचलू नका.

स्वयंपाकाचं म्हणाल तर आठवड्यातून दोनदा बेत असतो. भात नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून कुकरला अगदी मऊ होईपर्यंत, भोपळा त्याच्याच वरच्या भांड्यात. मासा वेगळा वाफवते, बोटांनी चुरून राहिलेला काटा शोधते. गार झालं की काट्यावर वजन करून डबे भरायचे, दोन दिवसांचे फ्रीजमध्ये आणि बाकीचे फ्रीजरला. तेल आणि पावडरी वाढताना. आमच्या जेवणातला भाग काढून तिला देत नाही, कारण आपली फोडणी कांदा-लसणाची, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात. शिजवून किंवा पावडर करूनही ते घातकच.

सगळ्यात कठीण काय गेलं असेल तर माणसं सांभाळणं. सासूबाईंचा जीव आहे तारावर, आणि त्यांच्या माहेरी कुत्र्याला दूध-पोळीच असायची. मोठ्या कुत्र्याला दुधातली साखर नीट पचत नाही, शिवाय चाचणी चालू असताना गव्हाचा एक घासही चालत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून समजावलं. मग त्यांनीच खालच्या वॉचमनकाकांना बजावलं, "हिला बिस्किट द्यायचं नाही हं, औषधपाणी चालू आहे." गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांनाही मांसाची चव लावलेली असते. तेवढ्या काळापुरतं डॉक्टरांनी मानेवर सोडायचं औषध दिलं.

दुसरा आठवडा संपता संपता आव थांबली. शी दिवसातून दोनदा, घट्ट, जमिनीवर डाग न सोडता उचलता येईल अशी. वायूचा वास जवळजवळ गेला. आठ आठवड्यांनी डॉक्टरांनी मुद्दाम थोडं उकडलेलं चिकन द्यायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा आव. चिकन बंद केलं, पुन्हा ठीक. ही फेरतपासणी बरेच जण टाळतात, बरं झालेलं कुत्रं कशाला छेडायचं म्हणून. मला ती फार मोलाची वाटते. ती केली नसती तर भोपळ्याने गुण आला की माशाने की नुसत्या वेळेने, कळलंच नसतं. अंडं नंतर देऊन पाहिलं, ते पचलं. गव्हाचं अजून बघायचंय.

उणिवाही सांगते. खर्च आधीच्या पाकिटबंद खाण्यापेक्षा बराच जास्त येतो. फ्रीजरचा एक कप्पा कायमचा गेला. गावाला जाताना बर्फाचा डबा न्यावा लागतो, आणि कुणाकडे तिला ठेवायचं तर डब्यांबरोबर कागदावर सूचना. मऊ खाण्यामुळे दातांवर किटण चढू नये म्हणून दात रोज घासते. दर महिन्याला वजन करतो आणि फासळ्यांवरून हात फिरवून बघतो. हलक्या दाबाने फासळ्या लागल्या पाहिजेत. रक्ताची तपासणी डॉक्टर ठरवतात तेव्हा.

वजनकाट्याला कंटाळणाऱ्या घरांनी यात पडू नये. त्यांना डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं तयार खाणं अधिक सुरक्षित. त्यात प्रथिनं इतकी बारीक तोडलेली असतात की शरीर सहसा त्यांना ओळखत नाही. पिल्लांच्या बाबतीत तर घरच्या घरी प्रयोग करूच नका, वाढीच्या वयात कॅल्शियम चुकलं तर हाडं वाकू शकतात. आणि पिल्लाला उलट्या-जुलाब सुरू झाले, विशेषतः रक्त दिसलं, तर पेज-भात करत बसू नका. पार्वो हा विषाणूचा जीवघेणा आजार असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.