टपावर काय, डिकीत काय: एर्टिगा, रूफ बॉक्स आणि कॅम्पिंगचं सामान

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ लावतो. घरची सहा माणसं, एर्टिगा आणि स्वतःचे तंबू घेऊन फिरायचं असेल, तर आडव्या दांड्यांवर बसणारा, कुलूप लागणारा बंद रूफ बॉक्स मला सगळ्यांत बरा वाटला. अट एकच. त्यात फक्त फुगीर आणि हलकं सामान जायला हवं. जड ते सगळं आत आणि खाली. ही शिस्त घरात पाळली जाणार नसेल तर बॉक्सवर पैसे घालू नका, कारण मग तो सोय कमी आणि डोकेदुखी जास्त होतो.

पवनेच्या काठावर तंबू, गाद्या, शेगडी सगळं तयार मिळतं. तिथं जाणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. आम्ही जातो भंडारदऱ्याकडे आणि दापोली-गुहागरच्या बाजूला, ओळखीच्यांच्या वाडीत किंवा शेतात. तिथं तंबू, मॅट, पांघरुणं, खुर्च्या, स्वयंपाकाचा पसारा, पाण्याचे कॅन सगळं आपलं आपण न्यायचं. शिवाय आई बरोबर असली की चिवड्या-लाडवांचे डबे, आणि 'असू दे' या सदराखाली येणाऱ्या आणखी दोन पिशव्या असतातच.

एर्टिगाची अडचण मालकांना माहीत आहे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे तिसरी रांग उभी असताना डिकी २०९ लिटरची. ती रांग पाडली की ५५०. दुसरीही पाडली की ८०३, पण मग माणसं कुठे बसवायची? आमच्याकडे आई-बाबा मधल्या रांगेत, धाकटी त्यांच्यामध्ये, मोठा मागे एकटा आणि त्याच्या शेजारची अर्धी सीट पाडलेली. ही रांग पन्नास-पन्नास दुमडते, हे फार कामाचं. एवढ्या जागेत जड सामान व्यवस्थित बसतं. बाहेर उरतं ते वजनाला कमी आणि आकाराला अवाढव्य: स्लीपिंग बॅगा, फोमच्या मॅट, घडीच्या खुर्च्या, तंबू. म्हणजे प्रश्न किलोंचा नव्हता, लिटरचा होता. हे एकदा नीट कळलं की पुढची निवड सोपी होते.

सुरुवात केली ती मऊ बॅगेने, मित्राची मागून आणून. जाड पीव्हीसीची, झाकणाला वेल्क्रो आणि चेन, आणि ज्या गाडीला रूफ रेल (टपाच्या दोन्ही कडांना लांबीने बसवलेल्या पट्ट्या) नाहीत तिच्या दारांमधून पट्टे आत घेऊन बांधायची. एर्टिगाला कारखान्यातून रूफ रेल येत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे तोच मार्ग होता. स्वस्त, आणि काम झालं की घडी घालून कपाटात. कोरड्या दिवसात वर्षातून एखाददुसरी सहल असेल तर हिच्यापुढे जाऊच नका. पण दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. पहिली, पाऊस पट्ट्यावरून ओघळत थेट गाडीच्या आत येतो. दाराचं रबर पट्ट्यामुळे तिथं नीट बसत नाही, आणि मधल्या रांगेतल्या माणसाच्या खांद्यावर थेंब पडू लागतात. दुसरी, बॅगेखाली धूळ राहिली तर ती रंगावर पॉलिश पेपरचं काम करते. टप स्वच्छ पुसून खाली रबरी जाळीची मॅट घातल्याशिवाय बॅग ठेवूच नये. पट्टा ताणून बांधला की वेगात तो घूंऽऽ असा आवाज करतो. त्यावर उपाय सोपा आहे: पट्ट्याला एक-दोन पीळ द्यायचे, आवाज थांबतो.

उघडं लोखंडी कॅरिअर आपल्या डोळ्यांना सवयीचं. वर ताडपत्री, नायलॉनची दोरी आणि बांधणाऱ्याचा आत्मविश्वास. चिखलाने भरलेला तंबू, ओली मॅट, सरपण यांना त्याच्यासारखं काही नाही, हे मान्य. पण ते स्वतःच जड असतं, कोकणच्या खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या सांध्यापासून गंजायला लागतं, आणि वाटेत जेवायला थांबलं की एकाला टेबलावरून गाडीवर नजर ठेवावी लागते. ताडपत्रीचा फडफडाट तर वेगळाच. आम्ही ते घेतलं नाही. बसवून देणारा माणूस टपाला भोकं पाडून बोल्ट मारायला निघाला होता, हेही एक कारण. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. काढता-घालता येणारी वस्तू आणि वेल्डिंग करून कायमची जोडलेली वस्तू यांत मी तरी पहिलीच निवडेन. त्याच दुकानात सोबत पुढचं लोखंडी बंपर गार्डही 'कॉम्बो'मध्ये मिळत होतं. त्यावर डिसेंबर २०१७ पासून बंदी आहे, हे त्याला सांगून उपयोग नव्हता.

मागे हिचला, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडणीला, लागणाऱ्या कॅरिअरचा विचार मेहुण्यामुळे केला. तो टेक्सासमध्ये असतो, तिथं तो प्रकार सर्रास दिसतो, आणि इंधनाच्या हिशोबाने तो शहाणपणाचाही आहे. अमेरिकन सरकारच्या इंधन-बचतीच्या संकेतस्थळावर आकडे आहेत: टपावरचा मोठा, बोथट बॉक्स शहरात २ ते ८ टक्के, हायवेवर ६ ते १७ टक्के आणि तिथल्या इंटरस्टेटच्या वेगाला, म्हणजे ताशी साधारण १०५ ते १२० किलोमीटरला, १० ते २५ टक्के मायलेज खातो. मागचा बॉक्स मात्र शहरात १-२ आणि हायवेवर १ ते ५ टक्केच. कारण उघड आहे, तो गाडीने आधीच कापलेल्या हवेत लपतो. पण आमच्या वाटा टेक्सासच्या नाहीत. दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या उतारावर, ओहोटीच्या वेळी, गाडीच्या मागे दोन-अडीच फूट लोखंड लटकलेलं असेल तर ते आधी जमिनीला टेकणार. वर मागची नंबर प्लेट आणि दिवे झाकले जाण्याचा प्रश्न. नंबर प्लेट झाकून एक्सप्रेस वेवर कॅमेऱ्यांखालून जायचं म्हणजे दंडाला आमंत्रणच. तो पर्याय तिथेच संपला. ट्रेलरबद्दल तर घरात कुणी बोललंही नाही.

राहिला बंद बॉक्स. रूफ रेल नसलेल्या गाडीला दाराच्या चौकटीत अडकणारे क्लॅम्प आणि त्यावर दोन आडव्या दांड्या लागतात. हे क्लॅम्प गाडीच्या मॉडेलप्रमाणे वेगळे असतात. 'युनिव्हर्सल' लिहिलेला संच घेऊ नका, इथे पैसे वाचवायची जागा नाही. दांड्या चौकोनी न घेता विमानाच्या पंखासारख्या निमुळत्या घ्या, शीळ खूप कमी वाजते. आयएसओ १११५४ हे टपावरच्या कॅरिअरसाठीचं मानक आहे. खोक्यावर ते शोधा, नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

आता वजन. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती भार चालतो ते दिलेलं असतं, आणि त्या आकड्यात दांड्या आणि बॉक्सही धरायचे असतात. समजा मर्यादा ५० किलो आहे. दांड्या आणि क्लॅम्प ५-६ किलो, बॉक्स १६-१८ किलो. सामानाला उरले जेमतेम २६-२९ किलो. जाहिरातीत बॉक्सची क्षमता ७५ किलो लिहिलेली असली तरी ती बॉक्सची, तुमच्या टपाची नव्हे. लहान आकडा पाळायचा. टपावर बसवायचे तंबू सध्या फार दिसतात. त्यांचंच वजन ५० किलोच्या आसपास किंवा वर जातं. उभ्या गाडीवर टप जास्त भार घेतो, चालत्या गाडीवर नाही, एवढा फरक समजून मग फोटो बघावेत.

आमचा नियम ठरलाय. वर: स्लीपिंग बॅगा, मॅट, उशा, घडीच्या खुर्च्या, दोन्ही तंबू. तंबूच्या दांड्या आणि खुंट्या मात्र पिशवीतून काढून खाली, कारण तेच जड असतं. डिकीत: पाण्याचे कॅन, भांडी, कूलबॉक्स, शिधा, अगदी सीटच्या पाठीला टेकवून. गॅसचे छोटे डबे कधीच वर नाहीत. त्यांच्यावर ५० अंशांच्या वर तापू देऊ नका असं छापलेलं असतं, आणि मे महिन्यात काळा बॉक्स उन्हात उभा राहिला की आत काय होतं ते मेणबत्त्यांच्या पाकिटाने आम्हाला दाखवलंय. बॉक्समध्ये त्यातल्या त्यात वजनदार ते दोन दांड्यांच्या मध्ये, पुढच्या आणि मागच्या टोकाला उशा.

गाडी वेगळी वाटते का? हो. ताम्हिणीच्या वळणांवर अंग टाकल्यासारखी थोडी झुकते, उघड्या पुलावर आडवा वारा जाणवतो. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे पूर्ण भाराची ठेवली की निम्मा फरक जातो. वेग ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे नेत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि आमच्या गाडीत हे टाकीवर स्पष्ट दिसतं: एरवी हायवेला सोळाच्या आसपास मिळतं, बॉक्ससह ऐंशीला पंधरा, शंभरला चौदाच्या खाली. घाई करून पुण्याहून संगमनेरपर्यंत वाचणारी वीस मिनिटं मला त्या पेट्रोलच्या किमतीची वाटत नाहीत. बायकोचं मत वेगळं आहे.

पाण्याचं सांगायचं तर जूनच्या पहिल्या पावसात, काजवे बघून भंडारदऱ्याहून परतताना, बॉक्सची खरी परीक्षा झाली. आत डबकं नव्हतं, पण पुढच्या कडेला रबराच्या सांध्यातून ओल आली होती. हे बॉक्स पाऊस अडवतात, हवाबंद नसतात. पांघरुणं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली की विषय संपला. कोकणातली तांबडी माती मात्र पिशवीच्या आतही पोचते, तिच्यापुढे इलाज नाही.

ज्याची सवय व्हायला सर्वांत जास्त वेळ लागला ती गोष्ट उंचीची. एर्टिगा १६९० मिलिमीटर, दांड्या दहा-बारा सेंटिमीटर, बॉक्स चाळीसच्या आसपास. बेरीज सव्वादोन मीटरच्या जवळ जाते. पुष्कळ मॉलच्या तळघरावर २.१ मीटरची पाटी असते, म्हणजे प्रवेश बंद. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधला पाण्याचा पाइपही त्याच उंचीवर. गावच्या कमानी, रेल्वेचे बोगदे, खाली आलेल्या वडाच्या फांद्या, सगळं एकदम नजरेत भरायला लागतं. उंचीचा आकडा चिकटपट्टीवर लिहून मी स्टिअरिंगजवळ लावलाय, कारण गाडी कधी भाऊही चालवतो.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच डिकीचं दार पूर्ण उघडून बघा. बॉक्स मागे सरकला असेल तर दार त्याला धडकतं. आमचा चार बोटं पुढे सरकवून बसवावा लागला. दोन्ही बाजूंनी उघडणारं झाकण असेल तर ते घ्या. रस्त्याच्या कडेला उभं राहून सामान काढताना रहदारीच्या बाजूला जावं लागत नाही. क्लॅम्प पहिल्या पन्नासएक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, आणि दर सहलीआधी एकदा. लांब प्रवासात चहाला थांबलं की हाताने हलवून बघायचं, एवढीच सवय.

खर्च म्हणाल तर दांड्या आणि बॉक्स मिळून चांगल्या प्रतीच्या मऊ बॅगेच्या दहापट सहज जातात. वर्षातून तीन-चारदा कुटुंबासह निघणार नसाल तर बॅगच घ्या, किंवा दोन घरांत मिळून एक बॉक्स. आम्ही तो सहल संपली की उतरवतो. त्याला दोन माणसं आणि पंधरा मिनिटं लागतात. महिनाभर टपावर ठेवला तर ऑफिसला जाता-येताही ते पेट्रोल जातच राहतं. उतरवल्यावर ठेवायचा कुठे, हे आधी ठरवा. जवळजवळ सहा फूट लांबीची ती वस्तू आमच्या गॅलरीच्या भिंतीला दोन पट्ट्यांवर आडवी टांगलेली आहे, आणि आईने त्यात गाद्यांचे जुने अभ्रे, दिवाळीचा आकाशकंदील आणि पाटा-वरवंटा ठेवायला सुरुवात केलीय. पाटा-वरवंटा मी काढायला लावला, भिंतीचे बोल्ट तेवढ्यासाठी नाहीत.