रायझन ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड: नऊ महिन्यांनी सगळा राग यूपीएसवर

गेमचं एका ओळीत उरकतो: १०८०पी, हाय सेटिंग, तक्रार नाही. बी४५० मदरबोर्ड घेऊन वाचवलेल्या पैशांचाही पश्चात्ताप नाही. कार्ड बोर्डाशी बोलायला आठच लेन (डेटाचे रस्ते) वापरतं, बोर्डावर त्या जुन्या, हळू पीसीआयई ३.० च्या मिळतात, पण कार्डाची ८ जीबी मेमरी गच्च भरेपर्यंत ते जाणवत नाही. थोडक्यासाठी रायझन ५५०० मात्र घेऊ नका, त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) निम्मी, १६ एमबी. रॅमच्या ८-८ च्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लावणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम गुपचूप कमी वेगात चालते.

आता खरं दुखणं. गोव्यात पाऊस लागला की लायट येते-जाते, म्हणून ६०० व्हीएचा यूपीएस. तरी लायट गेली की पीसी धाडकन बंद. डेस्कटॉपवर नुसता असेल तर तगतो, गेम चालू असला की मरतो. आधी खापर ५५० वॉटच्या ब्रॉन्झ एसएमपीएसवर (पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायवर) फोडलं आणि त्याला एक तारा दिला. चूक झाली.

६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० वॉट. कार्ड १३२, प्रोसेसर ६५ च्या आसपास, वर बोर्ड, पंखे, मॉनिटर. सगळं मिळून तीनशेच्या आत. मग बसायला हवं ना? सर्व्हिस सेंटरचं एकच पालुपद, "लोड जास्त आहे." बॅटरी नवी घातली (१२ व्होल्ट, ७ एएच), तरी तेच. कारण स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की गुळगुळीत साइन वेव्ह देत नाही, पायऱ्यापायऱ्यांची देतो. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला (वीज एकसारखी ओढायचं सर्किट असलेला) एसएमपीएस अशा लहरीवर क्षणभर जोरात करंट ओढतो, यूपीएसला तो ओव्हरलोड वाटतो आणि तो हात वर करतो.

हे घरी तपासता येतं. सेव्ह करून गेम सुरू ठेवा आणि भिंतीवरचं सॉकेटचं बटण बंद करा. पिन ओढू नका, अर्थिंग तुटतं. जुन्या घरात मुळात अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात. तिथे यूपीएसच्या आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

प्युअर साइन वेव्हवाल्याची किंमत ऐकून हौस फिटली. फुकटचा उपाय निघाला: कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम ६० वर बांधायच्या. मॉनिटर ७५ हर्ट्झचा, पन्नास जास्तीच्या फ्रेम दिसणार कुणाला? कार्ड कमी वीज ओढतं आणि यूपीएस टिकतो. सेव्ह करून शटडाऊन करण्याइतकी मिनिटं मिळतात. जड गेममध्ये कार्ड ६० गाठायलाच पूर्ण जोर लावतं, तिथे हा उपाय चालत नाही. सेटिंग उतरवावी लागते.

पावसात आणखी एक. चार-पाच दिवस बंद राहिलेला पीसी डिस्प्ले देत नसेल आणि बोर्डावर डीरॅमचा (रॅममध्ये गडबड दाखवणारा) दिवा पेटून राहिला असेल तर दुकानात धावू नका. वीज काढा, रॅम काढा, सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासा, भुगा झटका, दोन्ही बाजूंनी टक् होईपर्यंत बसवा.

एसएमपीएसचा एक तारा मागे, आता चार. यूपीएसला दोन, तेही बॅटरी सुटी मिळते म्हणून.