इंग्रजी वाक्यात सेमीकोलन, स्वल्पविराम की पूर्णविराम?

मराठीत 'पण', 'परंतु' यांच्याआधी अर्धविराम (;), म्हणजेच इंग्रजीतला सेमीकोलन, देण्याची शालेय पद्धत आहे: 'गाडी वेळेवर आली; पण जागा नव्हती.' हीच सवय इंग्रजीत नेली की घोळ होतो. तिथे 'बट', 'अँड', 'सो' यांच्याआधी एरवी स्वल्पविराम पुरतो: 'द ट्रेन केम ऑन टाइम, बट देअर वॉज नो सीट.' जोडणारा शब्दच नसेल तेव्हा सेमीकोलन: 'द ट्रेन केम ऑन टाइम; देअर वॉज नो सीट.'

या दुसऱ्या वाक्यात नुसता स्वल्पविराम टाकला तर 'कॉमा स्प्लाइस' होतो, आणि औपचारिक लेखनात ती चूकच धरतात. पूर्णविराम कधीच चुकत नाही, फक्त दोन वाक्यांतलं नातं वाचकाला स्वतः जुळवावं लागतं. शंका असेल तर पूर्णविरामच द्या. सेमीकोलनशिवाय उत्तम इंग्रजी लिहिता येतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते 'हाउएव्हर'. अर्थ 'बट'सारखाच, पण हे क्रियाविशेषण. दोन वाक्यं जोडण्याचं काम ते करत नाही. म्हणून आधी सेमीकोलन, नंतर स्वल्पविराम: 'द रिपोर्ट इज रेडी; हाउएव्हर, द मॅनेजर हॅज नॉट साइन्ड इट.' 'देअरफोर', 'मोअरओव्हर' यांचंही तसंच. ओळखायचं कसं? शब्द पुढे सरकवून बघा. 'द मॅनेजर, हाउएव्हर, हॅज नॉट साइन्ड इट' चालतं. 'बट' असा सरकत नाही. मात्र असं मधे आलेलं 'हाउएव्हर' दोन स्वल्पविरामांतच राहतं, तिथे सेमीकोलन नको.

'बिकॉज', 'ऑल्दो' यांनी सुरू होणारा भाग एकटा उभा राहत नाही, त्यामुळे तो तोडायला सेमीकोलन वापरू नये.

यादी सुरू करायची तर कोलन: 'ब्रिंग टू थिंग्ज: अ पेन अँड अ फोटो.' इथे सेमीकोलन सरळ चूक. पण यादीतल्या नोंदींतच स्वल्पविराम असतील तर नोंदी वेगळ्या करायला तोच लागतो: 'पुणे, महाराष्ट्र; मडगाव, गोवा; अँड इंदूर, मध्य प्रदेश.' नाहीतर गावं तीन की सहा, कळायचं नाही.

टाइप करताना सेमीकोलनच्या आधी जागा सोडू नये, नंतर एक सोडावी. पुढचं अक्षर लहान लिपीतलं, विशेषनाम किंवा 'आय' असेल तरच मोठं. अमेरिकी पद्धतीत स्वल्पविराम अवतरणचिन्हाच्या आत जातो, सेमीकोलन मात्र बाहेरच राहतो.