‘राजवाडा आज बंद आहे’ असे सांगणारा माणूस

बँकॉकमध्ये एका दुपारी रत्नांच्या दुकानातल्या फसवणुकीत आमचे ४२,००० बाट (थायलंडचे चलन) गेले. क्रेडिट कार्डाच्या बिलात ते १,०१,६४० रुपये म्हणून उमटले आणि त्यावर परकीय चलनाच्या व्यवहाराचे साडेतीन टक्के, म्हणजे ३,५५७ रुपये ४० पैसे, व त्या शुल्कावरचा जीएसटी ६४० रुपये ३३ पैसे धरून एकूण १,०५,८३७ रुपये ७३ पैसे आम्हाला भरावे लागले. पाठीवर पिशव्या घेऊन फिरणारे आम्ही दोघे नवरा-बायको. खाओ सान रोडजवळच्या रामबुत्री गल्लीत पंख्याच्या खोलीला रोज ६५० बाट देत होतो. गेलेल्या रकमेत त्याच खोलीत दोन महिने राहता आले असते.

परत आल्यावर ज्यांना हे सांगितले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ‘हे तर सगळीकडे लिहिलेले असते, तुम्ही वाचले नव्हते का?’ असे सुनावले. वाचले होते. ग्रँड पॅलेस हा राजवाडा आज बंद असल्याची थाप, वीस बाटांत फिरवणारी टुकटुक म्हणजे तीनचाकी रिक्षा, आणि शेवटी खड्यांचे दुकान, हे सारे निघण्यापूर्वी मी स्वतः वाचले होते. मी हिशेबाच्या कामात आहे, आम्ही दोघेही खर्चाची पै न् पै वहीत लिहितो आणि विमानतळावरून शहरात येतानाही टॅक्सी टाळून रेल्वे आणि बसने आलो होतो. वाचलेली फसवणूक प्रत्यक्ष रस्त्यावर भेटते तेव्हा ती फसवणुकीसारखी दिसत नाही, एवढेच मला त्या सुनावणाऱ्यांना सांगायचे आहे.

आम्ही सकाळी सनाम लुआंगच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने राजवाड्याकडे चालत निघालो होतो. तिथे कबुतरांना घालायच्या मक्याच्या दाण्यांची पुडी हातात कोंबून मग पैसे मागणारे लोक असतात. अशाच एका बाईने माझ्या हातात पुडी ठेवली, तेवढ्यात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मध्यमवयीन माणूस पुढे आला, त्याने ती पुडी माझ्या हातून काढून तिला परत दिली आणि इंग्रजीत म्हणाला, ‘यांच्यापासून सावध राहा, हे पर्यटकांना लुबाडतात.’ एका ठगापासून वाचवून त्याने आमचा विश्वास मिळवला. आम्ही त्याचे आभार मानले. त्यानंतर त्याने जे सांगितले ते आम्ही एका परोपकारी माणसाचे बोलणे म्हणून ऐकले, आणि माझ्या मते कुणीही तसेच ऐकले असते.

त्याने सांगितले की आज बौद्धांचा सण असल्यामुळे आत भिक्षूंची प्रार्थना चालू आहे आणि परदेशी पर्यटकांना दुपारी एकनंतरच सोडतील. शिवाय माझ्या पतींच्या गुडघ्यावरच्या चड्डीकडे बोट दाखवून, या कपड्यांत तुम्हाला तसेही आत घेणार नाहीत, असे तो म्हणाला. कपड्यांचा नियम खरा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर आत जाता येत नाही. राजघराण्यातील समारंभांसाठी राजवाड्याचे काही भाग बंद ठेवतात, हेही खरे आहे, आणि राजा भूमिबोल यांच्या निधनानंतर २०१६ साली तो पर्यटकांसाठी काही काळ बंदच होता. दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये ठेवलेले ते एक खोटे होते.

मग त्याने आमच्याच नकाशावर निळ्या पेनाने तीन गोल काढले: उभ्या बुद्धाचे मंदिर, ‘भाग्यवान बुद्धा’चे एक लहान मंदिर आणि रत्नांचे ‘सरकारी निर्यात केंद्र’. पांढऱ्या पाटीची टुकटुक सरकारी असते, ती तिन्ही ठिकाणे वीस बाटांत फिरवून आणते, असे सांगून त्याने जवळच उभ्या असलेल्या एका टुकटुकवाल्याला हाक मारली. हे असले सरकारी दर वगैरे काही नसते. बँकॉकमध्ये टुकटुक वीस बाटांत शहर फिरवत असेल तर त्याचे पैसे दुकान देते, इंधनाच्या कुपनांच्या रूपाने आणि तुमच्या खरेदीवरच्या दलालीच्या रूपाने. नदीवरच्या नारिंगी झेंड्याच्या बोटीचे तिकीट सोळा बाट आहे आणि ती प्रामाणिकपणे था चांगच्या धक्क्यावर, म्हणजे राजवाड्याच्या अगदी जवळ, उतरवते. तिनेच जा.

आता मी त्या क्षणाकडे येते, जो आठवला की आजही रात्री झोप लागत नाही. टुकटुक राजवाड्याच्या पांढऱ्या तटाला लागून जात असताना प्रवेशद्वार माझ्या बाजूला आले आणि मला तिथे माणसे आत जाताना स्पष्ट दिसली. छत्र्या होत्या, टोप्या होत्या, हातात झेंडी धरलेली एक मार्गदर्शक बाई होती आणि तिच्यामागे पंधरा-वीस जणांची रांग सरकत होती. मी चालकाच्या खांद्याला हात लावून विचारले, ‘लोक आत चालले आहेत ना?’ तो मान न वळवता म्हणाला, ‘थाई पीपल, थाई पीपल. फॉरेनर वन ओ’क्लॉक.’ मला पटले, कारण थाई नागरिकांना राजवाड्यात विनामूल्य प्रवेश असतो आणि परदेशी माणसाला पाचशे बाटांचे तिकीट काढावे लागते, हे मी वाचले होते. दोघांसाठी दोन दरवाजे, दोन वेळा असू शकतात, असे मनाने लगेच जुळवून घेतले. पण त्या रांगेतली निदान निम्मी माणसे गोरी होती. मी ती पाहिली होती. उतरून त्या दरवाज्यापर्यंत चालत जायला दोन मिनिटे लागली असती आणि तिथल्या गणवेशातल्या रक्षकाला एकच प्रश्न विचारायचा होता. राजवाडा उघडा आहे की नाही, हे फक्त दरवाज्यावरच्या रक्षकाला विचारा. तटाबाहेर भेटलेल्या कुणालाही विचारू नका, तो भिक्षूच्या वेषात असला तरी.

उभ्या बुद्धाचे मंदिर, म्हणजे वाट इंथरविहान, खरे आहे आणि ३२ मीटर उंचीची ती सोनेरी मूर्ती पाहून आम्ही भारावून गेलो, त्यामुळे उरलासुरला संशयही गेला. दुसरे मंदिर मात्र रिकामे होते. आत एकच गृहस्थ गुडघे टेकून बसला होता. त्याने आपण बँकेत अधिकारी असल्याचे सांगितले, आमच्या लग्नाला किती वर्षे झाली ते विचारले आणि मग सहज म्हणावे तसे म्हणाला की निर्यात केंद्रात वर्षातून एकच आठवडा करमाफी असते, आज तिचा शेवटचा दिवस आहे, त्याने स्वतः मागच्या वर्षी तिथून नीलम घेऊन जयपूरच्या व्यापाऱ्याला दुप्पट भावाने विकले. टुकटुकवालाही वाटेत ‘लास्ट डे, लास्ट डे’ म्हणत होता. एकमेकांना न ओळखणारी तीन माणसे एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरी वाटते. ती तिघे एकमेकांना ओळखत असतात, हे लक्षात ठेवा.

आम्ही लोभी नाही. दोन नीलम विकून प्रवासाचा खर्च निघाला तर बरे, इतकाच विचार होता, आणि तो कुणाच्याही मनात येईल. दुकानात काचेपलीकडे कारागीर खडे घासत बसले होते, भिंतीवर चौकटीतली प्रमाणपत्रे होती, थंड सरबत आले. विक्रेत्याला आपल्याकडे शनीसाठी नीलम घालतात हेही ठाऊक होते. ५८,००० बाटांपासून सुरू झालेला भाव आम्ही घासाघीस करून ४२,००० वर आणला. मी कार्डाचा पिन दाबत असताना माझ्या पतींकडून बिलावर ‘माल पाहून, समाधानाने घेतला, परत करणार नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य स्वहस्ते लिहून घेतले गेले आणि खडे एका प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यावर चिकटपट्टी लावली गेली. ती फोडली तर हमी रद्द, असे तिच्यावर छापलेले होते. जो दुकानदार असे वाक्य तुमच्या हाताने लिहून मागतो त्याच्या दुकानातून त्याच क्षणी उठून चालते व्हा, सरबत तसेच ठेवून.

बाहेर आलो तर टुकटुक गेलेली होती. चालकाने आपले वीस बाटही घेतले नव्हते. तिथेच पोटात गोळा आला. धावतपळत राजवाड्याला पोहोचलो तर दार सताड उघडे होते, सकाळी साडेआठपासून उघडे होते, आणि राजवाडा रोज उघडा असतो, अनोळखी लोकांवर विश्वास ठेवू नका, असा फलक तिथेच लावलेला होता. तो फलक दाराशी लावून काय उपयोग? जी माणसे दारापर्यंत पोहोचली ती वाचलेलीच असतात. तो मैदानाच्या त्या कोपऱ्यावर हवा, जिथे तो पांढऱ्या सदऱ्यातला माणूस रोज उभा असतो आणि जिथून जाणारा प्रत्येक पोलीस त्याला पाहत असणार.

जवळच्या ज्या चौकीत आम्हाला पाठवले गेले, तिथे दोन तास बसवून ठेवल्यावर एका अधिकाऱ्याने बिल पाहिले आणि विचारले, ‘खडे खोटे आहेत का?’ आम्ही म्हणालो, पाकीट फोडल्याशिवाय कसे कळणार आणि फोडले तर हमी जाते. त्यावर तो म्हणाला की खडे खोटे असल्याचे सिद्ध करून या, खरे असतील तर किंमत हा तुमचा आणि दुकानदाराचा प्रश्न आहे. त्या माणसाचे वर्णन, टुकटुकचा क्रमांक, नकाशावरचे निळे गोल, हे सगळे आम्ही पुढे केले. त्याने नकाशाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याने वहीत थाई भाषेत चार ओळी लिहिल्या आणि प्रत मागितल्यावर ती देता येत नाही असे सांगितले. दुकानात परत गेलो तर आमचा विक्रेता ‘रजेवर’ गेलेला होता आणि दुसऱ्याने पैशांऐवजी तेवढ्याच किमतीचे दुसरे दागिने देऊ केले. संध्याकाळपर्यंत आम्ही त्या चौकी आणि त्या दुकानादरम्यान हेलपाटे घालत होतो आणि कुणालाही त्याचे सोयरसुतक नव्हते. पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा ११५५ हा क्रमांक इंग्रजीत चालतो. तो दुकानात उभे राहूनच लावा, नंतर नाही. आम्हाला तो रात्री गेस्टहाउसच्या मालकिणीने सांगितला, तोवर दुकान बंद झाले होते आणि पहाटे आमची पुढची गाडी होती.

गावी आल्यावर आमच्या ओळखीच्या सराफकाकांनी पाकीट फोडले. भिंगाखाली एक खडा फिरवत त्यांनी मला जवळ बोलावून आतले बारीक बुडबुडे दाखवले. ‘ताई, हा नीलमच आहे, पण हलक्या प्रतीचा. भेगांमध्ये काच भरून चमक आणली आहे. दोन्हींचे मिळून सात-आठ हजार येतील, तेही कुणी घेतले तर.’ म्हणजे खडे ‘खरे’ होते. हा धंदा नेमका याच फटीत उभा आहे: माल संपूर्ण खोटा नसतो, म्हणून गुन्हा नोंदवला जात नाही, आणि किंमत दसपट असते, म्हणून तुम्ही बुडता.

बँकेने तर कळस केला. ग्राहक सेवेतल्या मुलाने माझी तक्रार ‘ग्राहकाच्या संमतीविना झालेला व्यवहार’ या सदराखाली नोंदवली आणि मी चार वेळा समजावूनही ती बदलली नाही. मग पंधरवड्याने पत्र आले की व्यवहार पिन टाकून झालेला असल्यामुळे तक्रार निकालात काढली आहे. मी व्यवहार केला नाही असे कधी म्हटले होते? मी म्हणत होते की सांगितलेला माल आणि दिलेला माल वेगळा आहे. पुन्हा अर्ज केला, तर त्यांनी पोलिसांच्या तक्रारीची इंग्रजी प्रत मागितली, जी त्या चौकीने दिलीच नव्हती, आणि प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. शाखेतल्या व्यवस्थापकांनी मान हलवत ‘परदेशात जरा जपून राहायचे असते’ एवढे ज्ञान मात्र विनामूल्य दिले. वर्षानुवर्षे आमच्याकडून कार्डाची वार्षिक फी घेणाऱ्या बँकेकडून मी उपदेश मागायला गेले नव्हते.

एवढे केले असते तर आमचे पैसे कदाचित वाचले असते: बँकॉकमध्येच, सिलोम भागात, थायलंडची रत्ने आणि दागिन्यांची सार्वजनिक संस्था आहे आणि तिथे खडे तपासून लेखी अहवाल मिळतो. देश सोडण्यापूर्वी तो घ्या. हमीच्या पाकिटाची पर्वा करू नका, ती हमी कशाचीच नसते. दुकानदार माल टपालाने घरी पाठवतो म्हणाला तर देऊ नका, कारण तो तुमच्या हाती असेपर्यंतच काही करता येते.

बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आम्ही बिल, सराफकाकांनी लिहून दिलेले मूल्यांकन आणि तो निळ्या गोलांचा नकाशा जोडून तिथे तक्रार दाखल केली आहे. तुमच्यावर अशीच वेळ आली असेल तर बँकेला पहिला फोन करतानाच ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ या सदराखाली तक्रार घ्यायला सांगा आणि फोन ठेवण्यापूर्वी नोंदवलेले सदर त्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.