ॲनिमोन: ग्रासहॉपरमध्ये केऑस काढायचा तर एवढं पुरतं

पुण्यात आर्किटेक्चरच्या सबमिशनचे दिवस आले की जाळीच्या पॅनेलसाठी ग्रासहॉपरमध्ये (राइनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं, घटक वायरने जोडून आकृती काढायचं साधन) ‘केऑसचं एखादं प्लगइन आहे का’ ही विचारणा सुरू होते. केऑससाठी खास वेगळं प्लगइन शोधत बसू नका. लॉरेन्झ असो, हेनॉन असो की डी जाँग, केऑसच्या या सगळ्या नावाजलेल्या आकृत्यांचं गणित दोन-तीन ओळींचं आहे. आलेलं उत्तर परत त्याच सूत्रात घालायचं, इतकंच. ग्रासहॉपरला नेमकं तेच जमत नाही. आउटपुटची वायर मागे नेऊन इनपुटला जोडायला गेलात की ते सरळ नकार देतं. ही अडचण माटेउश झ्विएझित्स्की यांचं ॲनिमोन हे फेऱ्या (लूप) चालवणारं प्लगइन सोडवतं, आणि तेही फुकट. अर्थात फुकट फक्त ॲनिमोन. खालचं राइनो विकतच घ्यावं लागतं, ट्रायल ९० दिवसांची मिळते.

बसवायला दोन मिनिटं लागतात. ॲनिमोनची जीएचए फाइल (ग्रासहॉपरच्या प्लगइनची फाइल) उतरवा, विंडोजमध्ये तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करा, ग्रासहॉपरच्या फाइल मेनूतून स्पेशल फोल्डर्स, तिथून कंपोनन्ट्स फोल्डर उघडून तिथे टाका आणि राइनो बंद करून परत चालू करा. ‘टॅबच दिसत नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांचं अनब्लॉक राहिलेलं असतं.

आता लॉरेन्झ. १९६३ सालचं हे समीकरण, आकडे ठरलेले: सिग्मा १०, ऱ्हो २८, बीटा ८ भागिले ३. लूप स्टार्ट आणि लूप एन्ड मांडा, दोघांना वायरने जोडा, टी ला (ट्रिगर) बटण, एन ला (फेऱ्यांची संख्या) ५०००. डी-शून्यला सुरुवातीचा बिंदू द्या: ०.१, ०, ०. तिथून डिकन्स्ट्रक्ट पॉइंट, मग तीन एक्स्प्रेशन. एक्स्प्रेशनला मुळात दोनच इनपुट असतात, झूम करून अधिकच्या चिन्हावर क्लिक केलं की तिसरा येतो. पहिल्यात एक्समध्ये ०.०१ × १० × (वाय − एक्स) मिळवायचं. दुसऱ्यात वायमध्ये ०.०१ × (एक्स × (२८ − झेड) − वाय). तिसऱ्यात झेडमध्ये ०.०१ × (एक्स × वाय − २.६६६७ × झेड). तिन्ही उत्तरं कन्स्ट्रक्ट पॉइंटमध्ये, तिथून लूप एन्डला. राइट-क्लिकच्या मेनूतून रेकॉर्ड डेटा चालू ठेवा, नाहीतर हातात फक्त शेवटचा बिंदू येतो.

इथे चुका ठरलेल्या. सुरुवातीचा बिंदू ०, ०, ० ठेवला तर पाच हजार फेऱ्यांनंतरही तो तिथेच बसलेला असतो, कारण तो या समीकरणाचा स्थिर बिंदू आहे. वेळेची पायरी ०.०१ ऐवजी ०.१ केली तर ही साधी ऑयलर पद्धत (दर फेरीला बदल गुणिले पायरी मिळवत जाणं) टिकत नाही, आकडे फुगत जातात आणि स्क्रीन रिकामी होते. रेकॉर्ड झालेले बिंदू ट्रीमध्ये येतात, एका फांदीत एक. फ्लॅटन न करता (सगळे एकाच यादीत न आणता) पॉलीलाइनला दिले तर रेष येतच नाही. पहिले दोनेकशे बिंदू काढून टाका, ते मूळ आकृतीवर पोचण्याआधीचे असतात आणि बाहेर लोंबणाऱ्या दोऱ्यासारखे दिसतात.

वेग हा ॲनिमोनचा कच्चा दुवा. साध्या लूपमध्ये प्रत्येक फेरीला पुढचे घटकही परत सोडवले जातात, त्यामुळे प्रीव्ह्यू चालू ठेवून पाच हजार फेऱ्या म्हणजे चहा घेऊन यावं. फास्ट लूपची जोडी बरीच चपळ आहे, पण त्यात आकृती वाढताना दिसत नाही. वीस हजारांपुढे बिंदू हवे असतील तर ॲनिमोनचा नाद सोडून पायथनच्या घटकात दहा ओळी लिहा. वर्गात शिकवायला मात्र ॲनिमोनच चांगलं, फेरीगणिक काय बदलतंय ते समोर दिसतं.

सपाट नक्षी हवी तर डी जाँग सोपा. त्यात फक्त साइन-कोसाइन असल्यामुळे बिंदू उणे २ ते २ च्या बाहेर जाऊच शकत नाहीत. हेनॉन (त्याचे ठरलेले आकडे १.४ आणि ०.३) तितका मवाळ नाही: ०, ० पासून ठीक चालतो, २, २ पासून सुरू केला तर चार-पाच फेऱ्यांत अनंताकडे पळतो. या दोन्हींचे बिंदू रेषेने जोडू नका, नुसता गिचमिडा होतो.

लेझरला देणार असाल तर थोडं आधी थांबा. लॉरेन्झची आकृती आडवी साधारण ४० आणि उभी ५० एकक भरते, म्हणून मिलिमीटरच्या फाइलमध्ये पाचपट करा. एक्स-झेड प्रतलावर प्रोजेक्ट केलं की फुलपाखरू मिळतं. पण त्याच्या पंखांतल्या दोन पोकळ डोळ्यांच्या भोवती रेषा इतक्या दाट असतात की भवानी पेठेतून आणलेला ३ मिलिमीटरचा एमडीएफ कट मोडमध्ये तिथे जळून गळून पडतो. दीड-दोन हजार बिंदूंवर भागवा आणि कट न सांगता हलकं एन्ग्रेव्ह सांगा. डीएक्सएफ (मशीनला द्यायची रेषांची फाइल) पॉलीलाइनमध्येच द्या, स्प्लाइन दिली तर काही मशीनचं सॉफ्टवेअर तिचे हजारो तुकडे करतं.

आणि आवडलेली आकृती लगेच बेक करा, म्हणजे राइनोच्या फाइलमध्ये कायमची उतरवा. सुरुवातीचा आकडा ०.१ चा ०.१००१ केला तरी बऱ्याच फेऱ्यांनंतर दोन्ही रेषांचा एकमेकींशी संबंध उरत नाही. स्लायडर चुकून हलला आणि आधीचा आकडा लिहून ठेवलेला नसेल तर ज्युरीला दाखवलेलं पॅनेल परत काढता येत नाही. गुरुवारी वीज जाते त्या भागात तर बेक आणि सेव्ह दोन्ही आधी.

याच कामाचं जुनं प्लगइन हूपस्नेक अजून सापडतं, पण नव्याने शिकणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पॅराकीट हे प्लगइनही फुकट आणि देखणं, मात्र ते टाइलिंग आणि भौमितिक नक्षीचं काम करतं. नेटकी, परत परत येणारी जाळी हवी असेल तर ॲनिमोनऐवजी तेच घ्या.