थकलेली पोटगी: पकड वॉरंट, पगारातून कपात की जमिनीची जप्ती?

कोर्टाने लेकरांची पोटगी मंजूर केली, पण बाप एक रुपया भरत नाही. अशा वेळी बायांचा पहिला प्रश्न असतो, "त्याला आत टाकता येईल का?" येईल. पण आधी त्याच्याकडे काय आहे ते बघा: पगार, जमीन की नुसती हातची मजुरी. माझ्या मते मार्ग त्यावरूनच ठरवावा.

बाप वाळूजच्या कंपनीत कायम असेल, एसटीत किंवा झेडपीच्या शाळेत असेल, तर वॉरंटच्या मागे लागू नका. पगारातून कपात मागा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश झाला असेल तर कलम 20(6) प्रमाणे मॅजिस्ट्रेट थेट मालकालाच पैसे भरायला सांगू शकतात. दिवाणी दरखास्तीतही (आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) पगार जप्त होतो, आणि पोटगीसाठी जप्ती असली की पगाराचा फक्त एक तृतीयांश हिस्सा त्याच्यासाठी सुरक्षित राहतो. असा माणूस तुरुंगात गेला तर पगारच थांबेल, मग लेकरांना काय मिळणार? पण तो ठेकेदाराकडे असेल तर कपात भरवशाची नाही. नाव बदललं, ठेकेदार बदलला की सगळं पहिल्यापासून.

ऊसतोडीला जाणाऱ्याचं गणित उलटं आहे. मुकादमाकडून (मजूर नेणारा ठेकेदार) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, म्हणजे कापायला मजुरी शिल्लकच नसते. इथे पकड वॉरंटच चालतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144(3) खाली (1 जुलै 2024 पूर्वीचं कलम 125(3)) सबळ कारणाशिवाय थकवलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. बऱ्याचदा आत जायची वेळ आली की भावकी पैसे गोळा करते. आणि तो आत जाऊन आला तरी बाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे. अडचण तामिलीची, म्हणजे वॉरंट त्याच्यावर बजावण्याची. ऐन हंगामात बीड जिल्ह्यातल्या धारूर-पाटोद्याच्या गावात वॉरंट गेलं तर "सदर इसम मिळून आला नाही" एवढाच शेरा लागून परत येतं. म्हणून अर्जात कारखान्याचं आणि मुकादमाचं नाव, फडाचा (ऊसतोड चालू असलेल्या शेताचा) पत्ता लिहा, किंवा पट्टा पडून (कारखान्याचा हंगाम संपून) माणसं गावी परतली की वॉरंट काढून घ्या. तो पुण्याला गेला असेल तर आदेश दाखवून तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही वसुली मागता येते.

जमिनीचा मार्ग सगळ्यात लांबचा. कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायला सांगू शकतं, पण सातबारा आजोबांच्या नावावर असला तर वाटणीशिवाय हाती फार काही लागत नाही. बापाच्या स्वतःच्या नावावर शेत असेल तर मात्र जप्तीचा अर्ज टाळू नका. शेत विकून मोकळं होण्याआधी तो झाला पाहिजे.

आता मुदत. हिच्यापायी फार बायांचे पैसे बुडतात. 144(3) चा वसुली अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. समजा महिना 4,000 रुपये आणि थकले 20 महिने, म्हणजे 80,000. आज अर्ज केला तर या मार्गाने शेवटच्या 12 महिन्यांचे 48,000 मागता येतील. उरलेल्या 32,000 साठी दिवाणी मार्ग खुला राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे, पण तो वेगळा खटाटोप. "पुढच्या सुगीला देतो" या शब्दावर वर्ष जाऊ देऊ नका. दर सहा-आठ महिन्यांनी नवीन थकबाकीचा अर्ज टाका.

लोकअदालतीत तडजोड करायची तर हप्त्यांच्या तारखा आणि बँक खातं कागदावर येऊ द्या, आणि चालू पोटगी वेगळी सुरू राहील असं लिहून घ्या. थकबाकी माफ केल्याचं वाक्य मसुद्यात आहे का, ते सही करण्याआधी वाचून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला आणि लेकरांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. जाताना आदेशाची खरी नक्कल आणि कुठल्या महिन्याचे किती बाकी त्याचा तक्ता सोबत न्या.