पश्चिमेची भिंत आणि रंगीत खुंट्या
नागपुरातील आमच्या घराची पश्चिमेकडील भिंत वास्तुरचनाकारांनी, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप बाँड पद्धतीने, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून आत पोकळी राखत बांधून दिली. या पद्धतीत विटा सुमारे २५ टक्के कमी लागतात; शिवाय मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला तरी आतली बाजू फारशी तापत नाही, हे फार मोलाचे. गवंड्याला प्रत्येक थर वास्तुरचनाकारांनी स्वतः उभे राहून समजावला. जिन्यालगतची विटांची जाळी देखणी आहे, पण तिच्यात रोज धूळ साचते, याची कल्पना आधी द्यायला हवी होती. दाराशी चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याच्या १९५३ सालच्या ‘हँग इट ऑल’ या भिंतीवरच्या खुंटाळ्याच्या धर्तीवर सुताराने केलेल्या रंगीत लाकडी गोळ्यांच्या खुंट्या आहेत, मुले दप्तरे आपणहून तिथेच अडकवतात.